कचेरीचे लाल पटके

८ जानेवारी १९३६. पहाटे पाच (म्हणजे उठायचं होतं पाचला. साडेसात.)
कचेरीतल्या पट्टेवाल्यांना यंदा डोक्याला नवे लाल पटके. टेंडर निघालंय. काम मिळणार म्हणजे मिळालंच! निश्चय: तपकीर बंद, रोज इंग्रजीची दोन पानं, आणि फार बोलायचं नाही. कॉन्ट्रॅक्टर लोक कमी बोलतात.
नाशकात भद्रकालीतल्या आपल्या कापडदुकानात या आठवड्यात एकच बाई आली, तीही पत्ता विचारायला. पाडव्यापर्यंत काही घडलं नाही तर दुकानाला कुलूप आणि मी नामपुरात मेव्हण्याच्या आडतीवर, कांद्याच्या गोण्या सांभाळायला. चंदर मला दाजी म्हणतो खरा, पण कोणत्या सुरात म्हणतो ते मला कळतं. मेलो तरी जायचा नाही.

१४ जानेवारी. संक्रांत.
टेंडरबरोबर नमुना द्यावा लागतो. मालेगावला जाऊन बाजारातला उत्तमातला उत्तम पटका आणला. दुकानदार म्हणत होता, असं विणणारं घर गावात एकच. नाव सांगायला लागला, मी हातानेच थांबवलं. नावं कसली घेऊन बसायची!
टेंडरात लिहिलं, 'माल आमच्या स्वतःच्या मागावरचा'. माग अजून नाही. पण काम मिळाल्यावर घेणारच आहे, तेव्हा याला खोटं म्हणता यायचं नाही.
आमच्या सौ. मंगलाने विचारलं, एवढे पटके विणणार कोण? बायकांना धंद्यातलं कळत नाही. तिळगूळ घेतला आणि विषय बदलला. तपकीर किंचित ओढली. थंडी फार.

२० जानेवारी
पाटी रंगवून आणली. 'गोटीराम अँड सन्स, गव्हर्नमेंट कॉन्ट्रॅक्टर्स'. आम्हाला मूलबाळ नाही, पण सन्सशिवाय पाटी भारदस्त दिसत नाही. मंगला त्या शब्दाकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, रंग ओला आहे, भिंतीला टेकवू नका.
निकालाआधी पाटी कशाला, असं शेजारच्या भांडीवाल्याने विचारलं. जळतात लोक.

३ फेब्रुवारी
अन्याय! धडधडीत अन्याय!!
काम मालेगावच्या सलाउद्दीनला. का, तर म्हणे त्याचा दर माझ्याहून कमी. कमी दर हा काय गुण झाला? तो तर संशय!
नमुने टेबलावर मांडले होते. त्याच्या पटक्याचा काठ मी नीट न्याहाळला. लाल सुतात तीन पिवळे दोरे! शुद्ध हलगर्जीपणा. माझा नमुना घडी घातलेलाच होता. तो उलगडून बघायची गरज काय, आपला माल आपल्याला ठाऊक.
साहेबांना तिथल्या तिथे सुनावणार होतो, पण साहेब जेवायला उठले.

५ फेब्रुवारी
अपील करायचं ठरलं. इंग्रजीत लिहायला बसलो. 'सर' लिहून झालं. पुढचं मराठीत लिहिलं. मुद्दा महत्त्वाचा, भाषा नाही.
मुख्य कलम: ज्या मालाच्या काठात पिवळे दोरे असतील तो माल नाकारावा आणि असा माल देणाऱ्याचं नाव कचेरीच्या यादीतून कायमचं काढावं. 'कायमचं' खाली दोन रेघा. पेन जवळजवळ मोडलं.
मंगलाला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, आपल्या पटक्याचा काठ बघितलात का? मी म्हटलं, प्रश्न त्याच्या काठाचा आहे. कुठून सुचतं हिला!

१७ फेब्रुवारी
आज खुद्द सलाउद्दीन दुकानात! घाबरला बेटा. सफेद दाढी, बोलणं मात्र लोण्यासारखं. म्हणाला, शेठ, अपील करा, तुमचा हक आहे, फक्त ते काठाचं कलम तेवढं काढा, तुमच्याच भल्याचं सांगतो. माझ्या भल्याचं! मी हसलोच.
मग म्हणतो, नाशकात मला माणूस हवाच आहे. पटक्यांची टोकं शिवून घ्यायची, कचेरीत पोचवायचं, वर्षभराचं काम आहे, तुमचं दुकान जागेवर राहील. मी ताडकन सांगितलं, गव्हर्नमेंट कॉन्ट्रॅक्टर कुणाचा माणूस नसतो. त्याने पाटीकडे बघितलं, सलाम केला आणि गेला.
मंगला आतून सगळं ऐकत होती. भाजीत मीठ नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही.

२ मार्च. सुनावणी.
भाषण उत्तम झालं. तपकिरीमुळे आवाज मोकळा होता. सलाउद्दीनच्या पटक्याचा काठ धरून मी विचारलं, साहेब, हा माल सरकारच्या डोक्यावर शोभतो का? दारातल्या बहिरू पट्टेवाल्याने उगीचच स्वतःच्या डोक्याला हात लावला.
साहेब म्हणाले, कलम रास्त आहे, दोन्ही नमुन्यांना लावू. आणि त्यांनी माझा पटका उलगडला.
तीन पिवळे दोरे.
सलाउद्दीन खाली बघत होता. साहेबांनी विचारलं तेव्हा हळूच म्हणाला, आजोबांपासून आमच्या घरची ही खूण आहे हुजूर, बाजारात माल ओळखायला. मग साहेबांनी मला विचारलं, तुमचे माग कुठे आहेत? मी म्हटलं, लवकरच. त्यावर कोणीतरी हसलं. बहिरूच असणार.
सलाउद्दीनचं काम कायम. खूण म्हणजे दोष नव्हे, असं साहेब म्हणाले. पण खोटा मजकूर लिहिल्याबद्दल माझं नाव यादीतून काढलं. कायमचं. एवढी एक मागणी शब्दशः मान्य झाली.

३ मार्च
शांतपणे विचार केला तर विजय माझाच. जिल्ह्यातला उत्तम पटका मीच निवडला होता, हे सरकारदरबारी सिद्ध झालं.
जेवलो नाही. भूक नव्हती. चंदरचं पत्र आलंय, दाजी, खोली झाडून ठेवलीय.

१२ मार्च
घरात शिवणयंत्राचा आवाज. मंगलापुढे लाल ढीग! मला न विचारता हिनेच मालेगावला सलाउद्दीनला निरोप धाडला होता. मी कडाडलो, हे चालायचं नाही! ती म्हणाली, मग नामपूरची गाडी सकाळी आहे. आणि पुन्हा पायडल मारू लागली. पटके कापायला फळी हवी होती म्हणून खाली माझी पाटी घेतलीय. अक्षरं वरच्या बाजूला. 'सन्स'वर कात्री.
निश्चय: या कामाला हात लावायचा नाही.

२० मार्च. पाडवा तोंडावर.
टांगा मिळाला नाही. मंगलाला एकटीला एवढं ओझं कसं नेऊ द्यायचं, म्हणून गठ्ठा मी घेतला. केवळ माणुसकी.
कचेरीच्या फाटकात बहिरू उभा, डोक्यावर अजून जुनाच पटका. ज्या दारातून कॉन्ट्रॅक्टर म्हणून आत जायचं, तेच दार. मी ताठ उभा राहिलो, मान जेवढी वर होते तेवढी केली. बहिरूने मला नीट ओळखलं आणि आत वळून ओरडला, सलाउद्दीनचा माणूस आलाय, सोडा त्याला.
मी गेलो आत. गठ्ठा जड होता.