तिघांत मोठा कोण?

बाबा, तुम्ही हरलात. भुवया वर करू नका, मामाही हरलाय, म्हणजे फिट्टंफाट झाली. मामा रजेवर आला की मुरुडच्या आपल्या स्वयंपाकघरात ताटातले बोंबील गार होईपर्यंत तुम्ही दोघं ज्या एका गोष्टीवरून भांडायचात, तिचा निकाल मी गेल्या वादळात स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले. लष्कर, नौदल आणि हवाई दल ही तीन वेगळी असावीत, की मोडून एकच दल करावं? हल्ली टीव्हीवर मोठमोठे निवृत्त अधिकारी टाय बांधून यावर वाद घालतात, आणि मला प्रत्येक वेळी वाटतं, यांच्यापेक्षा आमच्या घरचे दोघं बरे भांडायचे, निदान मधूनमधून आमटी तरी मागायचे. तुम्हाला जाऊन फार वर्षं झाली. पण जिंकल्याची बातमी ज्याच्याशी भांडण होतं त्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

नौदलाच्या जहाजाच्या इंजिनघरात उमेदीची सगळी वर्षं घालवलेले तुम्ही, दोन्ही कानांनी कमी ऐकायचात, त्यामुळे तुमचं साधं बोलणंही हुकमासारखं यायचं. मामा म्हसळ्याकडच्या भातशेतीतून उठून थेट पायदळात गेलेला हवालदार, पाटावर मांडी घालून बसला तरी पाठ ताठ. सुरुवात नेहमी तोच करायचा. “दाजी, दुश्मन काय इचारून येतो व्हय, आज पान्यातनं येऊ का जमिनीवरनं? मग आपली तीन बिऱ्हाडं कशाला? एका घरात तीन चुली मांडल्या की घर बसलंच.” तुम्ही काटा काढत शांतपणे म्हणायचात, “मीठ पन पांढरं आनि साखर पन पांढरी. घाल दोनी एका बरणीत आनि कर चाय.” मग तो म्हणायचा की बोटीवरची माणसं आळशी, दिवसभर झोपाळ्यात झोपतात. तुम्ही म्हणायचात, “तुज्या एका सुभेदाराला पावसात बोटीवर चढव. ओकून ओकून आईचं नाव इसरंल.” आई तव्यावरून मागे न वळता म्हणायची, “दोघं माझ्याच हातचं जेवताय ना? मग गपगुमान जेवा.” तेवढ्यापुरतं तुम्ही जेवायचात. वाढलेला भात संपला की परत पहिल्यापासून.

आणि मामाच्या मोटारसायकलची गोष्ट! ती तुमचं ब्रह्मास्त्र. नवी कोरी गाडी घेऊन मामा तुम्हाला दाखवायला आला आणि पुळणीवर ओली वाळू कडक लागली म्हणून थेट पाण्याच्या कडेला उभी करून वर वाडीत शहाळी प्यायला बसला. अमावास्या होती, म्हणजे उधाणाची भरती. तुम्हाला दिसत होतं सगळं, पण तुम्ही बोलला नाहीत. मी हाताला धरून ओढत होते तर तुम्ही मलाच दटावलंत, “गप. फौजीला शिकू दे.” भरती चढली, गाडीची चाकं गेली, सीट गेली, शेवटी आरसे तेवढे पाण्यावर राहिले, आणि मामा पँट वर करून धावतोय, मागून तुम्ही, हसता हसता खोकणारे. त्याच संध्याकाळी तुम्ही मला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला शिकवलीत. दुसऱ्या बापांनी मुलींना सोन्याच्या कुड्या केल्या, तुम्ही मला समुद्राचं वेळापत्रक दिलंत. त्यानंतर वाद कुठेही गेला तरी तुम्ही एकच वाक्य टाकायचात, “जमीन दिसली की फौजी उभा ऱ्हातो, ती कोनाची हाय ते बघत न्हाय,” आणि मामा भात कालवायला घ्यायचा.

म्हणून तर मी डॉक्टर होऊन हिरव्या गणवेशात पहिल्यांदा घरी आले तेव्हा तुमचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. सैन्यदलाचा डॉक्टर तिन्ही दलांचा असतो, कधीही कुठेही जातो, हे मी तुम्हाला कितीदा समजावलं. तुम्ही ओटीवर बसून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, “रंग बरा दिसतो. पन तू आता त्यांची झालीस.” एवढंच. मामा तर असा खूश होता की जणू लढाई जिंकून आलाय. दुपारी मी उठून पाहते तर तुम्ही पडवीत बसून माझे बूट घासताय, त्यांत तोंड दिसेपर्यंत. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता आणि इतकी माया आली होती की मी परत आत जाऊन झोपल्याचं सोंग केलं. त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. मी उत्तरेला बर्फात जवानांची काळी पडलेली बोटं वाचवत होते तेव्हा तुमची बातमी आली.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. पायदळानंतर मी हवाई दलात गेले, वैमानिकांचे कान आणि पाठी तपासल्या. आणि आता काही वर्षं नौदलात आहे. होय, पांढऱ्या गणवेशात. पहिल्याच दिवशी जहाजावर पाऊल ठेवताना मी पायदळातल्या जुन्या सवयीने तळवा समोर दाखवून सॅल्यूट ठोकला आणि शिडीजवळच्या खलाशानं हसू आवरायला खाली मान घातली. तिथे तळवा जमिनीकडे ठेवतात, तुम्ही ठेवायचात तसा. हवाई दलाचा कुठेतरी अधेमधे. एक साधा सॅल्यूट, बाबा, पण त्यात तीन घराणी आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच घराणं खानदानी. मी तिघांकडे नांदून आले आहे, त्यामुळे तिघांचीही बोलणी खाल्ली आहेत आणि तिघांचंही मीठ खाल्लं आहे.

आता वादळाचं ऐका. आमचं जहाज किनाऱ्याबाहेर नांगरून होतं आणि मी खलाशांबरोबर रबरी होडीतून खाडीकाठच्या एका गावात उतरले होते. पोफळी आडव्या, नारळ आडवे, रस्ता नावाला उरलेला नाही. खाडीच्या पलीकडच्या तीरावर लष्कराची तुकडी म्हसळ्याकडून झाडं तोडत तोडत पोचली होती. हवाई दलाचं हेलिकॉप्टर वर घिरट्या घालत होतं. सकाळी मी शाळेच्या वऱ्हांड्यात टाके घालत बसलेय तर एक म्हातारी धावत आली, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. वाडीतल्या झावळ्या उचलताना सुनेच्या हाताला फुरसं चावलं होतं. “मुलगा दुबईला हाय, बाय. सून माझ्या जिवावर सोडून गेलाय. तिला काय झालं तर त्याला काय तोंड दाखवू मी?” मी गेले. हात कोपरापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं, थांबले, नळी तिरकी केली. रक्त गोठलं नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. याचा अर्थ एकच, सापाच्या विषावरचं इंजेक्शन आत्ता मिळालं तर बाई वाचते, नाहीतर नाही.

माझ्याकडे ते नव्हतं. जहाजावर कोण साप पाळतो? पण पायदळात असताना तुकड्यांच्या औषधपेट्या मी स्वतः भरल्या होत्या. साप म्हणजे पायदळाचा रोजचा शेजारी, त्यांच्या पेटीत ते असणारच. म्हणजे औषध खाडीपलीकडे, होडी आमच्याकडे, आणि मोठ्या इस्पितळापर्यंत न्यायला पंख तिसऱ्याकडे. तुमच्या काळात काय झालं असतं सांगू? मी जहाजाला कळवलं असतं, जहाजानं मुंबईला, मुंबईनं आणखी वर, तिथून आडवं लष्कराकडे, मग तिथून पायरी पायरीनं खाली. तोवर म्हातारीला मुलाला तोंड दाखवायची वेळ आली असती. पण या खेपेला मदतीच्या कामापुरता तिन्ही दलांवर एकच अधिकारी नेमला होता, हवाई दलाचा. मी वायरलेस उचलला आणि त्याला बाईचं सांगितलं. तो म्हणाला, “औषध कुणाकडे?” म्हटलं, “पलीकडच्या तीरावर, लष्कराकडे.” “आणणार कोण?” “आमची होडी.” “मग विचारता काय, पाठवा. त्यांना मी सांगतो.” झालं, बाबा! इतकंच. मी वायरलेस खाली ठेवला आणि मला नाचावंसं वाटलं.

होडी गेली. खाडीची ओढ कुठे आहे, गाळ कुठे आहे हे आमच्या खलाशांनी असं ओळखलं की तुम्ही पाठ थोपटली असती. येताना पेटी घेऊन एक सुभेदार आणि त्याचे चार जवान आले. पण धक्क्यावर उतरल्यावर आमचे पाण्यातले वाघ गोंधळले, कारण धक्का ते घर यात सगळी वाडीच पडलेली. मग जवानांनी कुऱ्हाडी काढल्या. मी दारात उभी, आणि पोफळींच्या ढिगाऱ्यातून खटाखट आवाज जवळ जवळ येतोय, आणि शेवटची फांदी बाजूला होऊन घामाघूम सुभेदार पेटी छातीशी धरून समोर. सलाईनमधून औषध सुरू केलं. म्हातारी सुनेच्या पायाशी बसून काहीतरी पुटपुटत होती. हिरड्यांचं रक्त हळूहळू थांबलं.

आता बाईला रक्त द्यायला मोठ्या इस्पितळात हलवायचं होतं. सुभेदार म्हणाला, “मॅडम, हेलिकॉप्टरसाठी जागा आखून येतो,” आणि गेला. थोड्या वेळानं मी जाऊन पाहते तर काय, पुळणीवर ओल्या कडक वाळूत चुन्यानं असा सुरेख इंग्रजी एच काढलेला, भोवती गोल, कडेनं विटा, रांगोळीच्या स्पर्धेत पहिला नंबर यावा असा. शेजारी सुभेदार छाती पुढे काढून उभा. त्या दिवशी पौर्णिमा होती. मला इतकं हसू आलं की मी समुद्राकडे तोंड फिरवलं. “मॅडम, दगडासारखी जमीन हाय, पाय आपटून बघा,” तो म्हणाला. म्हटलं, “सुभेदार साहेब, जमीन छान आहे, पण समुद्राची आहे. दुपारच्या जेवणापर्यंत तो परत मागून घेईल.” त्यानं पाण्याकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं, आणि मोठ्यानं हसला. तुमच्यासारखी मी गप्प बसले नाही, हे लक्षात ठेवा. त्याच्या जवानांनी शाळेच्या मैदानातलं पडलेलं झाड तोडून हटवलं, खलाशांनी विटा वाहिल्या, पुन्हा एच आखला, आणि हेलिकॉप्टर तिथे असं अलगद उतरलं की मैदानावरची पोरं टाळ्या पिटत सुटली.

सूनबाई वाचली. पुढे चालत घरी आली. पण ती हेलिकॉप्टरमध्ये चढायच्या आधी म्हातारीनं आम्हा सगळ्यांना कोरा चहा केला आणि ट्रे घेऊन उभी राहिली. “पहिला कोप कोनाला देऊ? तुमच्यात मोठा कोन?” मी सुभेदाराकडे बोट दाखवलं, सुभेदारानं वैमानिकाकडे, वैमानिकानं माझ्याकडे. म्हातारी वैतागली. “कपडे तीन परकारचे, आनि मालकाचा पत्ता न्हाय!” आम्ही तिघं असे हसलो की चहा सांडला. तिला काय सांगणार, मालक वायरलेसवर होता.

तर निकाल असा. मामा म्हणतो तसं सगळ्यांना एकाच साच्यात घातलं असतं, तर त्या खाडीत ओढ ओळखणारा कुणी नसता आणि वाडीतून वाट काढणाराही नसता, सगळ्यांना सगळं थोडं थोडं येत असतं आणि बाई गेली असती. तुम्ही म्हणता तसं ज्यानं त्यानं आपापलं पाहिलं असतं, तर औषध हाकेच्या अंतरावर पेटीत राहिलं असतं आणि बाई गेली असती. मीठ-साखर एका बरणीत नकोच, त्यात तुम्ही बरोबर. पण स्वयंपाक एकाच्या हातचा हवा, त्यात मामा बरोबर. आणि दोघांनी इतकी वर्षं ज्या स्वयंपाकघरात बसून भांडण केलंत, तिथे आई नेमकं हेच करत होती, ते दोघांपैकी एकालाही दिसलं नाही! मी पूर्ण जिंकले, बाबा, आणि मला त्याचा अजिबात संकोच वाटत नाही.

हे पत्र टपालात जाणार नाही. तुम्हाला पत्ता नाही, आणि मामाला दाखवलं तर तो पहिलीच ओळ वाचून पेढे वाटत सुटेल, दुसरी वाचायचाच नाही. एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. हवाई दलातली माझी मुदत संपली तेव्हा पुढे कुठे, असं मला विचारलं होतं. घरी सांगितलं की हुकूम आला, जावं लागतंय. हुकूम कसला, बाबा, नौदल मी मागून घेतलं. तुम्ही असताना मागितलं असतं तर तुम्ही मुरुडभर सांगत फिरला असतात. आता वाटतं, फिरला असतात तर बरं झालं असतं.