कोल्ह्याच्या विष्ठेतली मोहरी

१८ जानेवारी २०२२

इशिदा-सानच्या तीन कोंबड्या गेल्या! ते शेजारी, शिवाय आमच्या या जपानी खेड्यातल्या शिकाऱ्यांचे म्होरके. सकाळीच दारात — "कोल्हाच! रविवारी सापळा लावतो." गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी बसलेले सासरे म्हणाले, "लाव. कोंबड्या तुझ्या, सापळा तुझा."

मी मध्ये पडले. कोल्हा मुख्यतः उंदीर खातो, तो मेला तर शेतातले उंदीर माजतील. इशिदा-सान हसले. "सूनबाई, रविवारपर्यंत सिद्ध करा!"

बँकेतल्या नोकरीत वीस वर्षं पडून राहिलेली प्राणिशास्त्राची पदवी अखेर कामाला आली.

१९ जानेवारी

बर्फातल्या मागावर कोल्ह्याची विष्ठा सात जागी मिळाली. चिमट्याने, गाळणीने तपासली. उंदरांचे दात, केस, काकी नावाच्या जपानी फळाच्या बिया. पीस एकही नाही! इतका आनंद झाला की स्वतःचीच शंका आली — मी शोध घेतेय की वकिली करतेय?

२० जानेवारी

आज हरणाचे केस. सासऱ्यांना दाखवले. त्यांनी ते बोटांत धरून निरखले. मग म्हणाले, "भूकंपाच्या आधी आम्ही शिकार घरी आणून खायचो. अणुवीज केंद्र फुटलं, तेव्हापासून किरणोत्सर्गाच्या भीतीने मारलेली हरणं नुसती पुरतो. जमीन गोठलेली, आम्ही म्हातारे. किती खोल खणणार?"

म्हणजे बंदूक वाजली की कोल्ह्याला जेवणाचं बोलावणं!

२१ जानेवारी

पिसं सापडली. कोंबडीचीच.

२२ जानेवारी

त्याच विष्ठेत बारीक, काळे, गोल दाणे. मोहरी!

या गावात मोहरीची फोडणी एकाच घरात होते. कढीचं, वरणाचं खरकटं मी रोज मागच्या खताच्या ढिगावर टाकते. उघड्यावर. तिथून इशिदा-सानचं खुराडं दहा पावलांवर. कोल्ह्याला मीच तिथवर आणलं.

लपवलं तर कुणाला कळणार? सगळा दिवस याच विचारात गेला. रात्री इचिकावा शहरात राहणाऱ्या लेकीला, श्रावणीला, फोनवर सगळं सांगितलं. तिने जपानीतच सुनावलं — "खरं सांग ना, ममा. मला तर रोज सांगतेस!"

२३ जानेवारी

शिकाऱ्यांची बैठक. सहा म्हातारे, एक रॉकेलचा हीटर. सगळं मांडलं. उंदीर, हरीण, पिसं, मोहरी. कमरेत वाकून माफी मागितली.



इशिदा-सान — "म्हणजे त्याला आधी करी लागते, मग चिकन?" हास्याचा असा स्फोट! हसणं ओसरल्यावर हळूच म्हणाले, "खुराड्याच्या जाळीला वीतभर भोक आहे. मला माहीत होतं."

सापळा रद्द! ते जाळी शिवणार, मी खतावर झाकण घालणार. हरणं यापुढे दोघा-दोघांनी मिळून, खोल पुरायची. आज शांत झोपेन.

१३ फेब्रुवारी

उरलेल्या कोंबड्या सगळ्या जागेवर. दुपारी इशिदा-सान एक कागद घेऊन आले. शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेचा अर्ज. "आम्ही सहाजण, सगळे सत्तरीपुढचे. जनावर काय खातं हे वाचणारं आमच्यात कुणी नाही. आणि तुम्ही स्वतःविरुद्धही खरं बोलता."

मी — जिने आजवर अंडंसुद्धा खाल्लं नाही! मारता येईल का मला? माहीत नाही.

अर्ज भरलाय.