अण्णांच्या ढोलकीचं खोड

प्रिय अण्णा,

काल साळवेकाका आले होते. तुमच्या गायन पार्टीतले आता तेवढेच उरलेत. चहा पिता पिता म्हणाले, "बेबी, यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला अण्णाची ढोलकी स्टेजवर पाहिजे. वाजवेल कोणीतरी. शेवटी शेवटी अण्णाचा हात गेला होता, पण ढोलकी एक नंबर होती." मी नुसती मान हलवली.

म्हणून लिहितेय. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, पण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमचा हात गेला नव्हता. ढोलकी मी घालवली होती. तुम्हाला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?

लालबागची खोली सोडून आपण भाईंदरला आलो तेव्हा सगळं सामान टेम्पोत मागे होतं आणि ढोलकी तुमच्या मांडीवर. इथल्या खाडीच्या दमट हवेनं पुडीचं कातडं सैल पडायचं. मग रविवारी तुम्ही ढोलकी गच्चीत उन्हाला ठेवायचात आणि राखण करत बसायचात. आई म्हणायची, पापडांची एवढी काळजी घेतली असती तर बरं झालं असतं.

तिथेच तुम्ही मला लाकूड ऐकायला शिकवलंत. एकदा पुडी बदलायला काढली होती, तेव्हा माझा हात खोडाच्या आत घातलात. "लागतात का पटाशीचे घाव? तुझ्या आज्यानं करून घेतलंय. शिसवाच्या एका ओंडक्यातनं, हातानं कोरलेलं." भिंत चांगली बोटभर जाड होती. पुढे लेथवर काढलेली पातळ खोडं आली. त्यांच्याबद्दल म्हणायचात, "मोठ्यानं बोलतात, पण हात उचलला की गप्प." नव्वद सालाच्या सुमारास बेंजो पार्टीवाल्यांनी फायबरची ढोलकी आणली. ती तुम्ही वाजवून बघितलीत आणि एवढंच म्हणालात, "पावसात भिजली तरी चालेल ही."

आपल्या ढोलकीचा डाव्या बाजूचा घुमणारा धुम हात उचलल्यावरही खोलीत राहायचा. मांडणीवरची ताटं थरथरायची.

पण वजन केवढं! एकदा ठाण्याच्या कार्यक्रमाहून आलात आणि खांदा इतका भरून आला की तुम्हाला शर्ट खुंटीला लावता येईना. मला नुकतीच नोकरी लागली होती. वाटलं, अण्णांसाठी काहीतरी करावं. तुम्ही लग्नाला गावी गेलात आणि मी ढोलकी कारागिराकडे नेली.

तो म्हणाला, "अंदर से छील दूँ, बेन? आधा वजन हो जाएगा. आजकल सब पतला ही माँगते हैं." मी हो म्हटलं. दोऱ्या काढून नटबोल्टही लावायला सांगितले. आज्याच्या ओंडक्याचा काळपट भुसा माझ्या चपलांवर पडत होता आणि मी तो झटकत होते.

तुम्ही आलात. ढोलकी एका हातानं उचललीत. "अरे, हलकी झाली की." मग बोटाच्या पेरानं खोडावर टकटक केलंत. थांबलात. दुसऱ्या बाजूनं केलंत. मी हसत उभी होते, अण्णा. तुम्ही म्हणालात, "बरं केलंस बेबी. खांद्याला आराम."

त्या जयंतीला साळवेकाकांनी गाता गाता दोनदा मागे वळून पाहिलं. धुम येतच नव्हता, डबा वाजावा तसं वाजत होतं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी विचारलं, "अण्णा, काय झालं आज?" पिशवीची नाडी बांधत तुम्ही म्हणालात, "माझाच हात बसत नाय आता. वय झालं."

मी दोन पावलांवर होते. मला बोलता आलं असतं. तुम्ही असं का केलंत? चार लोकांत मला झापलं असतंत तर बरं झालं असतं.

त्यानंतर तुम्ही ढोलकीला हात लावला नाहीत. जयंतीला खाली खुर्चीवर बसायचात, गुडघ्यावर बोटं चालायची. बायका आईला म्हणायच्या, बिचाऱ्यांचा हात गेला. आईही हो म्हणायची. तिलाही तुम्ही सांगितलं नव्हतंत.

आज सकाळी ढोलकी घेऊन त्याच कारागिराकडे गेले. म्हटलं, पहिल्यासारखी करून दे. त्यानं टकटक केलं आणि माझ्याकडे बघितलं. "निकली हुई लकड़ी वापस कैसे भरूँ, बेन? पुडी भारी डाल दूँ?" मी नको म्हटलं. रिक्षात ती मांडीवर घेतली, तेव्हा तिचं वजन जाणवतही नव्हतं.

आता ती समोर पलंगावर आहे. दुपारपासून मी पेरानं वाजवून बघतेय. दर वेळी तेवढंच वाजतं.

अण्णा, मला तो आवाज आणता येणार नाही. पण जयंतीला मी ढोलकी गुपचूप देणार नाही. सगळी मंडळी जमल्यावर साळवेकाकांना त्यांच्या हातानं खोड वाजवायला लावीन आणि सांगेन, की लाकूड मी काढलं, अण्णांचा हात शेवटपर्यंत चांगला होता. मग त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणू दे. माझं ऐकून झाल्यावर तरी तुमच्या हाताला कुणी नाव ठेवणार नाही, एवढा शब्द देते.

तुमची,
बेबी