पेटीतले पाहुणे

बाबा, आज दिवसभर मला तुमच्या डाव्या हाताची भीती वाटत होती.

सध्या प्रशिक्षणात आम्हा पोलिसांना सापडलेली हाडं ओळखायला शिकवतात. सरांनी आधीच बजावलं, "हाडं खरी आहेत. नदीत सापडलेल्या बेवारस माणसाची. रीतसर परवानगी घेतली आहे. हसायचं नाही, फोटो काढायचा नाही." माझ्या कानात 'नदीत' एवढंच राहिलं. कोणी बुडालं की प्रेत बाहेर काढायला ठाण्यातून तुम्हालाच बोलावणं यायचं. वैनगंगेत उतरण्याआधी तुम्ही हाक मारायचात, "चाला पाहुणे, घरी जाऊ." मी एकदा विचारलं, "मढ्याले पाहुणा काहून म्हणता?" तर केवढ्यानं खेकसलात! "मढं म्हणू नोको वो पोरी! त्याची माय काठावर उभी हाय." मग एका पुरात तुम्हीच गेलात. जाळं मिळालं, तुम्ही नाही. आई अजून कुंकू लावते. "पाह्यलं नाही तवरीक मी कायले पुसू?" म्हणते.

सरांनी पेटी उघडली. बाजूचा हवालदार म्हणाला, "मटेरियल मस्त हाय बावा." माझं डोकंच फिरलं. "मटेरियल तुह्या घरी! माणूस हाय तो." सरांनी एक हाड माझ्याच हातात दिलं, कोपराखालचं, डावं. तुमचा तो हात डोंगा काठावर ओढताना त्याखाली सापडून मोडलेला, वैदूनं बांधला तो वाकडाच जुळला, गाठ वरूनही लागायची. हातमोजा घालून मी बोट हाडावरून फिरवलं. गाठ शोधत टोकापर्यंत गेले, परत आले. हाड सरळ होतं, बाबा. देवा, केवढं हायसं वाटलं! आणि लगेच वाटलं, याच्याही घरी कोणी कुंकू लावून बसली असेल. हळूच म्हटलं, "चाला पाहुणे." पुढचं म्हणवेना. याचं घर कोणाला माहीत?

मधल्या सुट्टीत सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "याचे घरचे शोधले, कोणी आलं नाही. पण बेवारस आणखी आहेत. तुम्ही डीएनए तपासणीला रक्त दिलं तर त्यांच्यात वडील जुळतात का पाहता येईल." "देते," म्हणाले मी.

संध्याकाळी आईचा फोन आला. "आज काय शिकवलं वो?" "परेड," म्हटलं. मागं तिच्या बांगड्या वाजत होत्या.

रक्त अजून दिलेलं नाही, बाबा. तुम्ही सापडाल, अशी भीती वाटते.