संपादकीय जरा लांबलं

२ मार्च
त्रैमासिक काढायचा संकल्प केला. या भागाच्या साहित्याला वळण लावायला कुणीतरी पुढे यायलाच हवं, मी आलो. अंक बत्तीस पानी. संपादकीय फक्त दोन पानं. संयम काय असतो ते लोकांना कळू दे.

५ मार्च
दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कथा दिली. पहिलीच. वाचताना चहा गार झाला. बाईंना मात्र ‘आशादायक’ एवढंच म्हणालो. नवोदितांना चढवून ठेवू नये. त्या म्हणाल्या, आईची नजर चाललीय, तिला स्वतः वाचता आली म्हणजे झालं. म्हटलं, निश्चिंत असा.

१२ मार्च
संपादकीय अकरा पानं. विषयच व्यापक: ‘नियतकालिके आणि प्रादेशिक वाङ्मयाची जडणघडण’. कविता काढल्या. कवी वाट बघण्यातच फुलतात.

२० मार्च
एकोणीस. छापखानावाला मेहुणा विचारतो, “भाऊजी, अंक काढताय की प्रबंध?” हा बायकोच्या माहेरचा विनोद.

२८ मार्च
अठ्ठावीस. कथेला चारच पानं उरली. संपादकीयाला कात्री लावणं म्हणजे भ्रूणहत्या. त्यापेक्षा कथेचा टाइप बारीक केला. बसली! बायको म्हणाली, “आता मुंग्यांना वर्गणीदार करा.” दुर्लक्ष.

४ एप्रिल
अंक निघाला! नर्सबाईंना स्वहस्ते दिला. त्यांनी कथेचं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, अंक मिटला. “मुखपृष्ठ छान आहे, सर.” भारावल्या असाव्यात.

११ एप्रिल
बीपी दाखवायला गेलो. दवाखान्याच्या भिंतीवर तीच कथा! हाताने लिहिलेली, ठसठशीत अक्षरांत, कागदाला कागद लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाईंची आई पुढे, मागे पेशंटांची रांग.
“आजी, सरका ना, माझं हे पान झालं.”
“थांब रे. लेकीचं आहे, घाईनं नाही वाचायचं.”
डॉक्टरांनी माझं नाव पुकारलं. शेवट वाचायचा राहिला होता. मागच्याला आधी आत पाठवलं.
आता दर महिन्याला भिंतीवर नवी गोष्ट येणार म्हणे. निघताना बाई म्हणाल्या, “तुम्हीही द्या ना, सर. पण एकच पान हं.”
द्यायलाच हवं. भिंतीलाही दिशा लागते.
बीपी वाढलंय. साहित्यसेवा, दुसरं काय.

१३ एप्रिल
लेख घेतला लिहायला. प्रास्ताविकाचीच सात पानं झाली. समोरची भिंत मोकळी आहे का, उद्या बाईंना विचारतो.