सरळव्याजाचे पाच प्रश्न

सोमवार, ७ जुलै २००३
कंपनीत नोटीस लागली. स्टोअरमध्ये असिस्टंटची एक जागा, आतल्याच माणसांतून भरणार. ११ सप्टेंबरला ॲप्टिट्यूड टेस्ट, पन्नास मार्कांची. प्रेसशॉपमध्ये अकरा वर्षं उभा आहे. डावा कान निम्मा गेला. डॉक्टर म्हणतात, आवाजातून बाहेर पडा. तेव्हा ही जागा माझीच. फॉर्म भरला. फोरमन पोपटराव म्हणाले, "धम्मदीप, गणिताचं बघ. मागच्या टायमाला सरळव्याजावर पाच प्रश्न होते." मी म्हणलं, साहेब, नावातच सरळ आहे.

गुरुवार, १० जुलै
साप्ताहिक सुट्टी. शिरूर स्टँडसमोरून गाईड आणलं. टाइमटेबल: रोज संध्याकाळी सहा ते आठ, वीस गणितं. म्हणजे परीक्षेपर्यंत बाराशे. एवढी तर गाईडात पण नाहीत. टाइमटेबल स्केचपेननं रंगवलं. त्यात सुट्टी गेली. गौतमीनं आपण होऊन सांगितलं, परीक्षा होईस्तोवर टीव्ही लावणार नाही. बायको असावी तर अशी.

बुधवार, १६ जुलै. संध्याकाळी ७.४०
आजपासून सुरुवात. महादेवने गणपतला द.सा.द.शे. ८ दराने ९ महिन्यांसाठी ६००० रुपये दिले, तर व्याज किती? मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. उत्तर ४३२०. गाईडात ३६०. छपाईची चूक. असल्या पुस्तकांमुळं आपली माणसं मागं राहतात. पुढं सोडवलं नाही. चुकीच्या पुस्तकावर मेहनत कशाला?

शुक्रवार, १८ जुलै
कंपनीच्या बसमध्ये पॅकिंगमधली अनिता शेजारी बसली. मूळची पाटसची, शिरूरला मावशीकडं राहते. कॉलेज मधेच सुटलेलं. तिनंही फॉर्म भरलाय. तिला गाईडातली चूक दाखवली. तिनं बघितलं आणि म्हणाली, "दादा, नऊ महिने हायेत, वर्षं न्हाईत. बारानं भागा की." मी म्हणलं, तुझं लक्ष आहे का ते बघत होतो. पोरगी बरी आहे. पण मार्गदर्शन नाही. तिला रोज बसमध्ये शिकवायचं ठरवलं. शिकवल्यानं आपली रिव्हिजन होते.

मंगळवार, ५ ऑगस्ट
पाठ धरली. आतापर्यंत झालेली गणितं: ३१. बाकीची ११६९ जोर लावून उरकता येतील.
एक शंका. गाईडातला प्रत्येक माणूस दुसऱ्याला पैसे देतो आणि दुसरा मुदत संपली की व्याजासकट परत करतो. कोणी पळून जात नाही. पेपर काढणारे कुठं राहतात कोण जाणे. यावर बराच विचार केला. आठ वाजले.

बुधवार, २० ऑगस्ट
आज अवघड भाग घेतला. एक रक्कम ८ वर्षांत दामदुप्पट होते, तर दर किती? अनिताला समजावलं: दामदुप्पट म्हणजे शंभराचे दोनशे. दोनशे भागिले आठ. पंचवीस टक्के. ती कारेगाव जाईपर्यंत वहीत आकडे मांडत होती. मग म्हणाली, "पर दोनशातलं शंभर आपलंच हुतं ना, दादा? व्याज शंभरच झालं. साडेबारा टक्के यायला पायजेत."
मी म्हणलं, दोन्ही पद्धती चालतात.

गुरुवार, २८ ऑगस्ट
सासुरवाडीला दौंडला. मेव्हण्याच्या मुलीचं नाव ठेवायचा कार्यक्रम. जेवताना सासूबाईंनी नोकरीचं विचारलं. मी म्हणलं, फक्त ऑर्डर निघायची राहिलीय. तानुबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पंगतीतच सगळ्यांना सांगितलं. मामेसासऱ्यांनी हात मिळवला. गौतमी पानातच बघत होती. परतताना एसटीत तिनं माझ्या उजव्या बाजूला बसून विचारलं, "किती गणितं झाली?" म्हणलं, गणितं मोजायची नसतात, समजून घ्यायची असतात. ती खिडकीकडं तोंड करून डोळे मिटून बसली. उन्हानं डोळे दिपले असतील.

बुधवार, १० सप्टेंबर
उद्या परीक्षा. डोकं फ्रेश पाहिजे म्हणून आज काही वाचलं नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर
पेपर उत्तम. कँटीनमध्ये बाकडी लावून तेवीस जण बसवले. सरळव्याजाचे बरोबर पाच प्रश्न. दहा वर्षांत दामदुप्पट, तर दर किती, हा पण होता. दोनशे भागिले दहा, वीस. आणि पर्यायांत वीस छापलेलंच! उत्तर पर्यायात सापडलं म्हणजे प्रश्नच मिटला. एका गणितात महिने होते, पण घाई झाली. एकाचं उत्तर कुठल्याच पर्यायाला जुळेना, तिथं जवळचा पर्याय घेतला. एक तर वाचूनही समजलं नाही, तिथं 'ब'.
बसमध्ये अनिता म्हणाली, दामदुप्पटीचं उत्तर तिनं दहा लिहिलं. वाईट वाटलं. एवढं शिकवूनही. पण पोरीचं मन मोडू नये म्हणून बोललो नाही.

शनिवार, २० सप्टेंबर
बोर्डावर यादी. अनिता ४४, पहिली. मी १७.
आधी वाटलं आकडे उलटे छापलेत. उलटे केले तरी ७१ होतात आणि पेपर पन्नासचा.
ती पेढे घेऊन प्रेसशॉपमध्ये आली. मशीन बंद करून घेतलं. म्हणाली, "दादा, तुमच्यामुळं झालं." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, माझी कुठली ट्रिक कामाला आली? तिनं पेढा माझ्या हातावर ठेवला. मग खरं ते सांगितलं. "तुम्ही सांगितलेलं उत्तर घरी जाऊन परत करायची. कुठं चुकलंय ते सापडंपर्यंत उठायची न्हाई. रोजचा अभ्यास आपोआप व्हायचा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.
पेढा खाल्ला. मशीन चालू केलं.

रविवार, २१ सप्टेंबर
सुटताना पोपटरावांनी केबिनमध्ये बोलावून माझा पेपर दाखवला. पुढच्या भरतीत वयात बसत नाही, हे पण त्यांनीच सांगितलं. चहा पाजला.
घरी गौतमी मेथी निवडत होती. काल तिला सांगितलं होतं, निकाल लांबलाय. आज समोर बसलो आणि सांगून टाकलं. सतरा. जागा अनिताला. दौंडला काय कळवायचं, ते तिनं विचारलं नाही. जुडी संपवली, देठं गोळा केली. मग म्हणाली, "त्या व्याजाच्या पाचातली किती बरोबर आली?"
म्हणलं, एक.
ती म्हणाली, "एक तरी आलं की. तेवढा अभ्यास झालाच ना."
ते 'ब' लिहिलेलं होतं. तेवढं सांगवलं नाही.