दहा जूनपर्यंत

ब्लफ, १ जून

ती. नोएलीन आजीस,
शि. सा. न. वि. वि.

आज राजाच्या वाढदिवसाची सरकारी सुट्टी. कालवं सोलायची शेड बंद, म्हणून तुझ्या ओमारूच्या नव्या घराच्या करारनाम्याची प्रत पुन्हा वाचली. शाळा सोळाव्या वर्षीच सुटली, त्यामुळे पट्टी ठेवून एकेक ओळ वाचतो. वृद्धांच्या वसाहतीत घर घेणाऱ्याला सही केल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत करार मोडता येतो, असा कायदा आहे. आजची सुट्टी आणि शनिवार-रविवार वगळून तीनदा मोजलं. शेवटचा दिवस दहा जून.

अकरावं पान पाहिलंस का? प्रकृती ढासळली तर तुला तिथल्या घरातून शुश्रूषेच्या खोलीत हलवतील. काकानुई गावातलं आपलं समुद्राकाठचं घर अजून विकलेलं नाही. करार रद्द करण्याचा अर्ज लिहून सोबत जोडला आहे. तू फक्त सही कर. मी सामान बांधून घरी येतो.

तुझ्या काळजीत,
रीगन


ओमारू, ५ जून

चि. रीगनला अनेक आशीर्वाद.

अर्ज मिळाला. अक्षर आजोबांपेक्षा बरं आहे. अकरावं पान मला ठाऊक आहे. घर घेणाऱ्याच्या स्वतःच्या वकिलाने समोर बसून समजावल्याशिवाय इथे सहीच घेत नाहीत. माझी वकीलबाई इतकं समजावत बसली की शेवटी मीच म्हटलं, बाई गं, आता जेवायला जा.

इथलं सगळं नीट आहे. फक्त समुद्र ऐकू येत नाही. सकाळी अजूनही दोन कप काढते, मग एक परत ठेवते.

मागच्या वर्षी कपडे वाळत घालताना मी पडले आणि तू बोटीवरचं काम सोडून आठ महिने माझ्या उशाशी बसलास. तेविसाव्या वर्षी! म्हणून मी करार केला. तुझ्या अर्जावरही सही केली आहे, पण तो इथल्या कार्यालयात अजून दिलेला नाही. मी घरी परतले तरी तू ब्लफलाच राहशील, असं शपथेवर सांगता येत असेल तर दहापर्यंत फोन कर. लगेच अर्ज देते. खोटं बोलायला मात्र फोन करू नकोस, तुझा आवाज मला कळतो.

वेळेवर जेवत जा.
आजी


ब्लफ, ११ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोन केला नाही. जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर गेलो, तुझा नंबर काढला आणि काय बोलायचं ते आधी म्हणून पाहिलं. पहिल्याच वाक्याला अडलो. तू परतली असतीस तर मी इथे आठवडाभरही टिकलो नसतो. शेडवर परतलो तेव्हा मुकादम पेटा म्हणाला, काय रे, कुणी गेलं का? म्हटलं, नाही, आहे, ओमारूला आहे.

अर्ज फाडून टाक.

एकोणिसाव्या पानावर लिहिलं आहे की पाहुण्याला वर्षातून एकवीस रात्री राहता येतं. कॅलेंडरवर एकवीस खुणा केल्या आहेत. पहिली पुढच्या शुक्रवारची. एकही सोडणार नाही.

लोभ नव्या पत्त्यावरही चालू ठेवावा, ही विनंती.

तुझा,
रीगन